झाडावर बुरशी दिसली की आधी ओल शोधा

गुलाबाची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, लिंबाच्या बुंध्यातून डिंक ओघळायला लागला किंवा चाफ्याच्या पानाखाली नारिंगी पूड दिसली, की तोंडात पहिला प्रश्न येतो, "आता कोणतं औषध मारू?" मीही सुरुवातीची काही वर्षं हेच विचारत होते. आता कुणी मला हा प्रश्न विचारला की मी उलट विचारते, "झाड ओलं कुठे राहतं आणि किती वेळ?" याचं उत्तर सापडलं की निम्मं काम झालं. ते न शोधता केलेली फवारणी पुढच्या पावसात धुऊन जाते आणि रोग पंधरा दिवसांत परत येतो.

बागेतली झुडपं आणि झाडं ही वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारी असतात. भाजीसारखं एक पीक काढून दुसरं लावलं, असं इथे करता येत नाही. यंदा गळलेल्या पानांतली बुरशी पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या नव्या पालवीवर चढते. म्हणून थोडी सवय बदलावी लागते, आणि ती एकदा बदलली की औषधाची बाटली फार क्वचित उघडावी लागते.

रोग पडतो कसा

बुरशीचे बीजाणू धुळीपेक्षाही बारीक असतात. ते वाऱ्यावरून येतात, पावसाच्या थेंबांबरोबर मातीतून पानांवर उडतात, छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. बीजाणू पानावर येऊन पडला म्हणजे लगेच रोग झाला असं नसतं. त्याला रुजायला योग्य तापमान लागतं आणि ठरावीक वेळ ओलावा लागतो. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांचंच बघा. ती बुरशी पानात शिरायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं. संध्याकाळी सहाला पाइपने झाडाला डोक्यावरून अंघोळ घातली, तर पान सकाळपर्यंत ओलंच राहतं. तेच पाणी सकाळी सातला घातलं, तर ऊन आणि वारा मिळून तासा-दोन तासांत पान कोरडं करतात आणि बीजाणू तिथेच सुकून जातो.

रोग व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रोगाला बळी पडणारं झाड, बुरशी आणि तिला मानवणारी हवा. बीजाणू तर हवेत सगळीकडेच असतात, त्यांना आपण अडवू शकत नाही. पण कोणती जात लावायची आणि पानांभोवतीची हवा कशी ठेवायची, या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

भुरी, म्हणजे पानावर पिठासारखा पांढरा थर आणणारी बुरशी, मात्र या नियमात बसत नाही. तिच्या बीजाणूंना पानावर पाणी साचायला नको असतं, उलट पाण्यात बुडाले तर ते नीट रुजत नाहीत. कोरडं पान, दमट हवा, सावली आणि दाटी, एवढं तिला पुरतं. म्हणूनच पाऊस संपून रात्री गार व दमट आणि दिवस कोरडे होतात तेव्हा भुरी जोर धरते, आणि "मी तर पानांवर पाण्याचा थेंबही पडू देत नाही" म्हणणाऱ्याच्याही झाडावर ती येते.

पहिली पायरी: झाडाजवळ बसा

काहीही करण्याआधी दहा मिनिटं झाडाजवळ बसा. उभ्याने बघून कळत नाही, कारण बहुतेक खुणा पानाच्या मागच्या बाजूला आणि बुंध्यापाशी असतात. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. बागेच्या सगळ्या साधनांत मला ते सर्वांत उपयोगी वाटतं.

आधी खालून सुरुवात करा. बुंधा जिथे मातीत शिरतो तिथली माती हाताने बाजूला करा. निरोगी झाडाचा बुंधा तिथे पसरट होतो आणि त्यातून मुळं फुटलेली दिसतात. तो भाग मातीखाली गाडला गेला असेल, तर साल कायम ओली राहते, आणि वर दिसणाऱ्या निम्म्या तक्रारींचं कारण तुम्हाला इथेच मिळू शकतं. साल मऊ, काळपट, कुजकट वासाची आहे का, डिंक आला आहे का, ते पाहा. मग खोड, मग फांद्या, शेवटी पानं. पानांतही आधी कोणती बिघडली, खालची जुनी की शेंड्याची कोवळी, झाडाच्या एकाच बाजूची की सगळीकडची, हे लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका. पंधरा दिवसांनी "तेव्हा एवढेच डाग होते का?" हे कुणालाच सांगता येत नाही. मोबाइलवर तारखेसकट फोटो काढला तरी चालेल.

आता प्रश्न असा की, डाग दिसला म्हणजे बुरशीच का? नाही. कोळी नावाच्या बारीक किडीने रस शोषला की पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात आणि मागे बारीक जाळी असते. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर पिवळेपणा शिरांच्या मधे किंवा कडांना, पानापानांत एकाच नक्षीत येतो. उन्हाने भाजलेला डाग फक्त ऊन लागणाऱ्या बाजूला येतो आणि तो वाढत नाही. जिवाणूंचे डाग बऱ्याचदा शिरांनी अडवलेले, कोनाकोनांचे आणि पाणी मुरल्यासारखे दिसतात. खोडावरचे राखाडी-हिरवे, पापुद्र्यासारखे दगडफुलाचे थर पाहून नवखं माणूस फार घाबरतं, पण ते सालीवर नुसते बसलेले असतात, झाडाचं काही खात नाहीत. त्यांना हात लावू नका.

तरीही शंका राहिली तर एक सोपी घरगुती परीक्षा आहे. डाग पडलेली दोन-तीन पानं ओलसर कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि सावलीत दोन दिवस ठेवा. डाग बुरशीचा असेल तर बऱ्याच वेळा त्यावर तंतू किंवा बारीक दाणे उगवतात, आणि भिंगातून ते स्पष्ट दिसतात. पान कुजायला लागलं की त्यावर दुसऱ्याही बुरशी चढतात, म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

फांदी मेली आहे की जिवंत, हे नखाने कळतं. साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली.

दिसतं त्यावरून ओळखायचं कसं

भुरी ओळखायला सोपी. पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, तोही कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर आधी. बोटाने पुसला तर जातो. पानं आत वळतात, कळ्या वेड्यावाकड्या होतात. भिंगातून पाहिलं तर पानावर काचेच्या बारीक तारांसारखे उभे धागे चमकताना दिसतात. ही बुरशी जवळजवळ सगळी पानाच्या बाहेरच राहते, फक्त वरच्या पेशींत नळ्या खुपसून अन्न शोषते. बाहेर उघडी असल्यामुळेच साध्या उपायांनीही ती आटोक्यात येते.

केवडा नावाचा रोग भुरीशी गल्लत करायला लावतो. त्यात पानाच्या वर पिवळे किंवा जांभळट डाग दिसतात आणि त्यांच्या बरोबर खाली, पानामागे, राखाडी मऊ लव असते. हा रोग मात्र ओल्या पानांवर, गार ढगाळ हवेत येतो, आणि भुरीवर चालणारं गंधक याच्यावर फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून पान उलटून बघितल्याशिवाय नाव ठरवू नका.

तांबेरा म्हणजे पानामागे नारिंगी किंवा विटकरी पुटकुळ्या. बोट फिरवलं की बोटाला गंजासारखी पूड लागते. चाफ्यावर वरून पिवळे ठिपके दिसतात आणि खाली नारिंगी पूड भरलेली असते. झाड यामुळे सहसा मरत नाही, पण पानं लवकर गाळून बसतं.

गुलाबावरच्या काळ्या डागांच्या कडा नीट पाहा. त्या गोल कापल्यासारख्या नसतात, पिसासारख्या विस्कटलेल्या असतात. डागाभोवती पान पिवळं पडतं आणि गळतं, आणि रोग खालून वर चढत जातो. करपा कोवळ्या पानांवर, मोहरावर, फळांवर येतो. तपकिरी-काळे, किंचित खोलगट डाग, जे पाऊस लागून राहिला की एकमेकांत मिसळतात आणि शेंडा जळल्यासारखा दिसतो.

पानांवर काजळी फासल्यासारखा काळा थर आला असेल तर थांबा. ती बुरशीच आहे, पण झाडाला लागलेली नाही. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी रस शोषून जो गोड चिकटा टाकतात, त्यावर ती वाढते. इथे बुरशीनाशक मारणं व्यर्थ आहे. कीड काढा, पानं ओल्या फडक्याने पुसा, थर आपोआप जातो. मुंग्यांची रांग खोडावरून वर चाललेली दिसली तर तिच्या मागे जा. ती तुम्हाला थेट त्या किडीपर्यंत नेईल.

शेंडेमर, ज्याला बरेच जण डायबॅक म्हणतात, त्यात फांदी टोकाकडून खाली काळी पडत येते. गुलाबात तर छाटलेल्या टोकापासून ती सुरू होताना दिसते, आणि मेलेला काळपट भाग व जिवंत हिरवा भाग यांच्यामधे ठळक रेघ असते. फांद्यांच्या बेचक्यात फिकट गुलाबी, रंग दिल्यासारखा पातळ थर आणि पुढची फांदी वाळलेली, असं दिसलं तर तो गुलाबी रोग. खूप पाऊस आणि दाट पालवी असलेल्या झाडात तो बेचक्यातच का येतो, हे वेगळं सांगायला नको. पाणी तिथेच साठून राहतं.

आणि शेवटी खोडावर किंवा बुंध्याशी उगवलेली फळीसारखी कडक भूछत्रं. ती दिसतात तेव्हा आतलं लाकूड बऱ्याच काळापासून कुजत आलेलं असतं. वरचं भूछत्र तोडून काही होत नाही, फवारणीने तर मुळीच नाही. झाड मोठं असेल आणि त्याच्याखालून माणसं जात-येत असतील, किंवा घरावर त्याचा भार असेल, तर जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवून ते उभं राहण्याइतकं भक्कम आहे का, हे तपासून घ्या. हे काम स्वतः अंगावर घेऊ नका.

दुसरी पायरी: ओल तोडा

पाणी सकाळी द्या आणि बुंध्याभोवतीच्या आळ्यात द्या. आळं खोडाला चिकटून नको. खोडापाशी थोडा उंचवटा ठेवा आणि पाणी त्याच्या बाहेरच्या गोलात साचू द्या. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी मुळं पालवीच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात, बुंध्याजवळ पाणी ओतून त्याला काही मिळत नाही. रोज थोडंथोडं पाणी देण्यापेक्षा वरची काही सेंटिमीटर माती सुकू देऊन मग भरपूर द्यावं.

आच्छादन चांगलं, पण ते घालण्याची पद्धत अनेकदा चुकते. वाळलेली पानं किंवा लाकडाचा भुसा बुंध्याभोवती ढिगासारखा रचला की साल बारा महिने ओली राहते. आच्छादनाचा थर ५ ते ८ सेंटिमीटर ठेवा आणि खोडापासून चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा. नीट घातलेलं आच्छादन मातीतले शिंतोडे खालच्या पानांवर उडू देत नाही, आणि करप्यासारख्या रोगांत हा फायदा मोठा आहे.

गळलेली पानं रोज नाही तरी आठवड्याला उचला. झाडावर राहिलेली सुकी फळंही काढा. हे सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं का? खत चांगलं तापून आतलं तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर काही दिवस टिकत असेल आणि ढीग उलटापालटा होत असेल तर टाका. घरच्या छोट्या ढिगात इतकी उष्णता सहसा येत नाही. तेव्हा रोगट पानं पिशवीत बांधून बागेबाहेर काढा किंवा झाडांपासून लांब खोल पुरा.

नत्रयुक्त खत हात राखून द्या. युरियासारखं खत भरभरून दिलं की झाड लुसलुशीत नवती फेकतं, आणि भुरीला तेच हवं असतं. रोगाने आजारी पडलेल्या झाडाला "ताकद यावी" म्हणून खत घालणं ही सर्रास होणारी चूक आहे.

तिसरी पायरी: छाटणी

छाटणीचा हेतू दोन: रोगट भाग काढणं आणि झाडाच्या पोटात वारा खेळवणं. कोरडा दिवस निवडा, पाऊस चालू असताना कधीही कापू नका. आधी मेलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग आतल्या बाजूला वाढणाऱ्या काढा. झुडपाच्या मधोमध हात घातला तर पानांना न लागता तो आरपार जावा, असा माझा अंदाज असतो. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथा हिस्सा हीच कमाल मर्यादा धरा.

रोगट फांदी कापताना काळा भाग संपतो तिथे थांबू नका. त्याच्या खाली वीतभर निरोगी भागात, एखाद्या डोळ्याच्या थोडं वर कापा आणि कापलेल्या टोकाकडे पाहा. मधे तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर बुरशी अजून खाली गेलेली आहे, तेव्हा आणखी खाली उतरा. टोक पूर्ण फिकट, स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं. इथे जीव कळवळतो, हे मला माहीत आहे, पण अर्धवट कापलेली फांदी महिन्याभरात पुन्हा कापावी लागते.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक सुजलेलं कडं असतं. त्याच्या लगेच बाहेर कापा. कड्यासकट खोडाला सपाट कापलं तर जखम मोठी होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून बुरशीला दार मिळतं. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्या, मग जरा पुढे वरून कापून वजन उतरवा, आणि शेवटी कड्याजवळ नीट काप घ्या. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते.

जखमेवर ऑइलपेंट किंवा डांबर लावायची जुनी सवय सोडा. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिला आतून भिंती घालून वेगळं पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून झाकतं. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. रंगाच्या थराखाली ओल अडकते आणि कुजण्याला मदतच होते. डिंक्या (बुंध्यातून डिंक ओघळण्याचा रोग) किंवा गुलाबी रोगाची खोडावरची जखम खरवडून स्वच्छ केल्यावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावणं हा वेगळा, उपयोगी उपाय आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

कात्री आणि करवत प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. शेंडेमर किंवा खोडाचा रोग असेल तर प्रत्येक कापानंतर पुसा. खिशात अल्कोहोलने भिजवलेलं फडकं ठेवलं की याचा कंटाळा येत नाही.

चौथी पायरी: फवारणी, लागलीच तर

एक गोष्ट आधी पक्की करा. डाग पडलेलं पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवं होत नाही. बहुतेक बुरशीनाशकं निरोगी पानावर कवच घालतात, रोग झालेल्या पानाला बरं करत नाहीत. त्यामुळे फवारणीचा गुण आला का, हे जुन्या डागांवरून न पाहता त्यानंतर आलेल्या नव्या पानांवरून पाहा.

भुरीसाठी सुरुवात सौम्य उपायाने करा. पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम आणि थेंबभर सौम्य साबण, पानांच्या दोन्ही बाजूंना, आठवड्याने पुन्हा. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हेही भुरीवर काम करतं, उन्हाच्या दिवशी अधिक. खायचा सोडा वारंवार मारू नका, त्यातलं सोडियम मातीत साठतं. रोग वाढलाच तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला साधारण २ ग्रॅम घ्या. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात. तेलाची, म्हणजे कडुनिंबाच्या किंवा खनिज तेलाची फवारणी केली असेल तर त्याच्या आधी-नंतर दोन आठवडे गंधक टाळा.

करपा, काळे डाग, केवडा, फांद्यांचे रोग यांसाठी तांब्याची औषधं जुनी आणि भरवशाची. त्यात बोर्डो मिश्रणाची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मळेवाले मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडत, ते निळे डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. १८८२ साली केवड्याने बाकीचे वेल पानझड होऊन उघडे पडले असताना रस्त्याकडेचे हिरवे राहिलेले पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. मिलार्दे यांच्या ते लक्षात आलं, आणि १८८५ मधे त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं.

१ टक्क्याचं बोर्डो मिश्रण घरी करता येतं. १०० ग्रॅम मोरचूद आदल्या रात्री ५ लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळत ठेवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत आधी थोड्या पाण्यात विझवा (तो उकळतो, चेहरा लांब ठेवा), थंड झाल्यावर ५ लिटर करा आणि फडक्यातून गाळा. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता, काठीने ढवळत राहा. आकाशी निळा रंग येतो. आता लोखंडी सुरी किंवा खिळा एक-दोन मिनिटं बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे आणि पानं जाळेल. थोडी थोडी चुन्याची निवळी घालत जा, थर यायचा थांबेपर्यंत. लोखंडाची किंवा पत्र्याची भांडी वापरू नका आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. हेच १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात घेऊन एकत्र केले की खोडाला लावायची पेस्ट होते. कोवळी पालवी आणि फुलोरा असताना बोर्डो मिश्रण मारू नका. तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना व मातीतल्या जिवांना त्रास देतं, म्हणून वर्षातून मोजक्याच वेळा.

आंतरप्रवाही बुरशीनाशकं, जी पानात शोषली जातात, ती नवख्यांनी शेवटी हातात घ्यावीत. एकच औषध सतत मारलं की त्याला न जुमानणारी बुरशी उरते आणि वाढते. वापरलंच तर पुढच्या वेळी वेगळ्या गटाचं घ्या, आणि लेबलवर त्या झाडाचं व त्या रोगाचं नाव आहे का ते पाहा. मात्रा लेबलवरची, अंदाजाने एक झाकण जास्त नाही.

कोणतीही फवारणी वारा पडलेला असताना करा, मधमाश्या परतल्यावर पण पान रात्रीआधी वाळेल इतक्या वेळेत. पानांच्या मागच्या बाजूला फवारा पोचलाच पाहिजे. हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्या घाला. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा, पानं भाजली नाहीत तर बाकी झाड.

मुळांचा रोग वेगळा का पाहायचा

माझं एक लिंबाचं झाड मी स्वतःच्या हातांनी घालवलं. भर दुपारी पानं मलूल व्हायची, पिवळी पडायची. तहानलं असेल म्हणून मी रोज पाणी वाढवत गेले. ते जास्तच मलूल झालं. शेवटी बुंध्याशी उकरलं तेव्हा साल ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली आणि खाली डिंक होता. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर त्याचं बाहेरचं कुजलेलं आवरण मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत फक्त केसासारखा धागा उरला. मुळं पाण्यात गुदमरली होती, पाणी वर पोचवायला ती शिल्लकच नव्हती. पानांचं मलूल होणं हे तहानेचं आणि मुळकुजीचं दोन्हींचं लक्षण असतं. म्हणून पाणी वाढवण्याआधी मातीत बोट घाला. माती ओली असून झाड मलूल असेल तर पाणी ताबडतोब बंद.

हा रोग करणारे फायटोप्थोरा आणि पिथियम दिसायला बुरशीसारखे असले तरी शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या बुरशी नव्हेत, ते तपकिरी शेवाळांच्या जवळचे आहेत. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात शेपटी हलवत पोहतात आणि मुळापर्यंत पोचतात. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी अनेकांच्या घरात असलेली बुरशीनाशकं त्यांच्यावर चालतच नाहीत. पोहायला पाणी न ठेवणं हाच खरा उपाय.

निचरा तपासायला ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर त्या जागी झाड सपाट जमिनीत लावू नका. चर काढून पाणी दूर न्या किंवा उंचवटा करून त्यावर लावा. कुंडीत असेल तर खालचं भोक बुजलेलं आहे का ते बघा, कुंडीखाली पाणी साचवणारी ताटली काढून टाका.

बुंध्यावरची लागण एका बाजूलाच असेल तर झाड वाचू शकतं. माती उकरून मुळांचा वरचा भाग मोकळा करा, हवा लागू द्या. कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत खरवडा, खरवडलेला भाग खाली कागद पसरून गोळा करा, एक-दोन दिवस सुकू द्या आणि मग बोर्डो पेस्ट लावा. लागण खोडाच्या निम्म्याहून जास्त घेरात पसरली असेल तर फार आशा ठेवू नये. आजूबाजूच्या झाडांसाठी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत आठवडाभर ओलसर ठेवा आणि मुळांच्या भोवती मातीत मिसळा. ती मातीतल्या रोगकारकांशी जागा आणि अन्नासाठी झगडते. मात्र ती घातल्यावर त्याच मातीत बुरशीनाशक ओतू नका, ती मरेल.

झाड कधी सोडून द्यायचं

दरवर्षी चार-चार फवारण्या करूनच पानं टिकत असतील तर ती जात त्या जागेची नाही. त्याच फुलाच्या रोगाला कमी बळी पडणाऱ्या जाती मिळतात, रोपवाटिकेत नाव विचारून घ्या. रोप घेतानाही पानं उलटून पाहा, बुंध्याशी माती बाजूला करा आणि शक्य असेल तर कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. पांढरट आणि टणक मुळं निरोगी, तपकिरी आणि चिकट मुळं असतील तर ते रोप घेऊ नका. नवं रोप आल्यावर दोन-तीन आठवडे बाकी झाडांपासून वेगळं ठेवा.

मुळकुजीने गेलेलं झाड काढताना जाड मुळंही जमेल तेवढी काढा. तो खड्डा काही महिने उघडा ठेवून ऊन खाऊ द्या, आणि तिथे पुन्हा त्याच जातीचं झाड लावू नका. माझ्या लिंबाच्या जागी मी वीतभर उंचवटा करून दुसरं झुडूप लावलं, बुंध्याचा पसरट भाग मातीच्या वर ठेवून. दर पंधरा दिवसांनी तिथली माती आणि पाचोळा हाताने बाजूला सारते, आणि बुंधा कोरडा आहे ना, हे बोटाने चाचपून बघते.